पर्यावरणस्नेही वाईन : मळा, तळघर आणि बाटली

माझ्या टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्हींवर हिरव्या पानाचे चिन्ह आहे, दोन्हींत पाऊण लिटर लाल वाईन होती आणि दोन्हींच्या मागच्या लेबलवर माती, पाणी आणि पुढच्या पिढ्यांविषयी चार आपुलकीच्या ओळी छापलेल्या आहेत. वजनकाट्यावर ठेवल्यावर मात्र एक ४०५ ग्रॅम भरली आणि दुसरी ८९० ग्रॅम. म्हणजे दुसऱ्या वाईनसाठी दुपटीहून अधिक काच वितळवली गेली, ती तेवढ्याच लांबवर वाहून आणली गेली आणि त्याविषयी लेबलवर एक अक्षरही नव्हते. पर्यावरणाची काळजी घेतल्याचे ज्या उत्पादकांनी म्हटले आहे, त्यांच्याच वाईन मी गेले वर्षभर ठरवून विकत घेतल्या आणि प्रत्येकीची चव, लेबलवरचा मजकूर, बुचाचा प्रकार व रिकाम्या बाटलीचे वजन एका वहीत टिपून ठेवले. हे परीक्षण त्या वहीतल्या नोंदींवरून लिहिले आहे.

अशी वाईन जोखायची तर तीन ठिकाणी वेगवेगळे पाहावे लागते, हे मला या वर्षात पटले : द्राक्षाचा मळा, वाईन मुरते ते तळघर आणि ती घरी येते ती बाटली. एका ठिकाणी उत्तम ठरलेली वाईन दुसऱ्या ठिकाणी सपशेल उणी पडू शकते, आणि लेबलवरचा शब्द बहुधा यांपैकी एकाच ठिकाणाविषयी बोलत असतो. वाचकाने हे तीन प्रश्न सुटे ठेवले, तर निवड पुष्कळच सोपी होते.

सुरुवात मळ्यापासून करायला हवी, कारण द्राक्ष हे नाजूक पीक आहे. पाने आणि घड ओले राहिले की केवडा पडतो, हवा दमट राहिली की भुरी येते, आणि हे दोन्ही रोग अमेरिकेतून युरोपात पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात. युरोपातल्या वेलींना त्यांच्याशी झुंजण्याची ताकद नव्हती. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या मेदोक भागात काही शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा एक क्षार) आणि चुना यांचे निळसर पाणी मारत असत, म्हणजे वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत. त्याच वेलींवर केवडा पडत नाही, हे बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पियेर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी हेरले आणि त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. तेच बोर्डो मिश्रण आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही जगभरच्या द्राक्षबागांत फवारले जाते, आणि सेंद्रिय बागांत तर केवड्यावरचा तो मुख्य आधार आहे.

सेंद्रिय वाईनविषयीचा माझा पहिला गैरसमज इथेच दूर झाला. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सेंद्रिय बागेत कृत्रिम बुरशीनाशके, तणनाशके आणि रासायनिक खते यांना मज्जाव असतो, पण तांबे आणि गंधक चालते. तांबे हा जड धातू आहे. तो कुजत नाही, विरघळून नाहीसा होत नाही, वरच्या थरातल्या मातीत साचत जातो आणि गांडुळांना अपाय करतो. शिवाय बोर्डो मिश्रण पानाच्या पृष्ठभागावरच राहते, त्यामुळे मोठा पाऊस पडला की ते धुऊन जाते आणि ट्रॅक्टर पुन्हा बागेत घालावा लागतो. ओल्या वर्षी सेंद्रिय शेतकऱ्याच्या फेऱ्या शेजाऱ्यापेक्षा जास्त होऊ शकतात, आणि प्रत्येक फेरीला डिझेल जळते व माती दबते. युरोपीय संघाने म्हणूनच तांब्यावर मर्यादा घातली आहे : सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. सात वर्षांची सरासरी धरण्यामागे शेतकऱ्याच्या अडचणीची जाण आहे. कोरड्या वर्षी वाचवलेले तांबे त्याला ओल्या वर्षी वापरता येते.

हे सारे कळल्यावरही मी सेंद्रिय वाईनच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण तणनाशक. ओळींच्या मधल्या पट्ट्यात तणनाशक मारलेली बाग आणि तिथे घेवडावर्गीय वेल, मोहरी, गवत वाढू दिलेली बाग शेजारी शेजारी पाहिल्या, तर शास्त्राची पुस्तके उघडावी लागत नाहीत. एका बाजूला घट्ट, फिकट, भेगाळलेली जमीन दिसते आणि दुसऱ्या बाजूला पाय ठेवताच दबणारी, ओलसर वासाची माती. आच्छादन पिकांची मुळे जमीन भुसभुशीत ठेवतात, पावसाचे पाणी मुरते, धूप थांबते आणि फुलांवर येणाऱ्या कीटकांमुळे अळ्यांचा बंदोबस्त बऱ्याच अंशी आपोआप होतो. घड पोखरणाऱ्या पतंगासाठी अनेक बागांत मादीच्या गंधाच्या छोट्या नळ्या तारांना टांगतात. सगळीकडे तोच गंध भरून राहिल्याने नराला मादी सापडत नाही आणि कीटकनाशकाची एक फवारणी टळते.

लेबलवरच्या सेंद्रिय या शब्दाचा अर्थ देशादेशांत बदलतो, ही गोष्ट खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावी. युरोपीय संघात २०१२ च्या हंगामापर्यंत ‘सेंद्रिय वाईन’ असे लिहिताच येत नसे. फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाईन’ असे म्हणता येई, कारण नियम मळ्यापुरते होते. त्या वर्षापासून तळघरातल्या कामालाही नियम लागू झाले आणि एकूण सल्फाइटची, म्हणजे वाईन टिकावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या गंधकाच्या संयुगांची, कमाल मात्रा ठरली : गोडवा न उरलेल्या लाल वाईनमध्ये लिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि पांढऱ्या व गुलाबी वाईनमध्ये १५०. नेहमीच्या वाईनसाठी हेच आकडे अनुक्रमे १५० आणि २०० आहेत. अमेरिकेत याहून कडक पद्धत आहे. तिथे ‘सेंद्रिय वाईन’ म्हणवून घ्यायचे तर वरून सल्फाइट अजिबात घालता येत नाही, आणि थोडे घातले तर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ एवढेच लिहावे लागते. त्यामुळे एकच बाटली एका बाजारात सेंद्रिय वाईन ठरते आणि दुसऱ्या बाजारात ठरत नाही.

सल्फाइटविषयी थोडे विषयांतर करतो, कारण मित्रमंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. डोकेदुखीचा दोष बहुतेक जण सल्फाइटला देतात आणि लाल वाईन टाळतात. पण लाल वाईनमध्ये सल्फाइट साधारणपणे पांढऱ्यापेक्षा कमीच असते, कारण सालीतली तुरट द्रव्येच तिचे हवेपासून काहीसे रक्षण करतात. काही दमेकऱ्यांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो आणि त्यांनी लेबल पाहूनच प्यावे. इतरांनी सकाळच्या डोकेदुखीसाठी आधी रात्री किती प्याले झाले ते मोजावे.

सेंद्रिय वाईनपैकी मला सर्वांत मनापासून आवडली ती चिलीतल्या एमिलियाना या वाईनरीची कोयाम. या वाईनरीने १९९८ मध्ये बागा सेंद्रिय पद्धतीकडे वळवायला सुरुवात केली आणि आज सेंद्रिय द्राक्षबागांच्या जगात तिचे नाव मोठ्यांत घेतले जाते. कोयाम म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांच्या भाषेत ओकचे झाड. कोल्चाग्वा खोऱ्यातल्या सिरा, कार्मेनेर आणि आणखी काही जातींच्या मिश्रणातून ती तयार होते. प्याल्यात ओतल्यावर पहिल्यांदा काळ्या मनुकांसारखा दाट वास येतो, त्यामागून मिरीचा तिखटपणा, आणि वीस मिनिटांनी त्यात कोरड्या पाल्यासारखी काहीतरी गंभीर छटा उतरते. तुरटपणा भरपूर आहे, पण तो दातांना चिकटत नाही. सेंद्रिय वाईन पातळ आणि बेचव असते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर मी हीच बाटली ठेवीन.

बायोडायनॅमिक वाईन हे सेंद्रियच्या पुढचे पाऊल मानले जाते. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये शेतीवर जी व्याख्याने दिली, त्यांतून ही पद्धत निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात उकरून काढायचे, त्यातले मूठभर पाण्यात घालून तासभर ढवळायचे आणि बागेवर शिंपडायचे. ही पद्धतीतली सर्वांत प्रसिद्ध कृती, म्हणजेच शिंगखत. त्याच्या जोडीला चंद्राच्या स्थितीनुसार छाटणी आणि बाटलीभरणीचे दिवस ठरतात. ग्रहगोलांच्या परिणामाला विज्ञानाचा आधार नाही आणि माझाही त्यावर विश्वास नाही. तरीही ज्या बाटल्यांवर या शेतीचे प्रमाणपत्र देणाऱ्या डेमेटर संस्थेचे चिन्ह होते, त्या सरासरीने माझ्या वहीत सर्वांत वरच्या क्रमांकावर राहिल्या, आणि याचे उत्तर मला शिंगाऐवजी माणसात सापडते. जो शेतकरी तासभर हाताने पाणी ढवळतो आणि ते घेऊन ओळीओळीने फिरतो, त्याच्या नजरेतून पानावरचा पहिला डाग सुटत नाही. डेमेटरची तांब्याची मर्यादाही वर्षाला सरासरी ३ किलोची, म्हणजे युरोपीय नियमापेक्षा कडक आहे.

या प्रकारातली सर्वांत अविस्मरणीय बाटली होती फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली कुले द सेराँ. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी ११३० मध्ये लावलेला हा मळा आहे, आणि जेमतेम सात हेक्टरांच्या या उतारावरून येणाऱ्या वाईनला स्वतःचे स्वतंत्र नामाभिधान, म्हणजे कायद्याने राखलेले भौगोलिक नाव, मिळालेले आहे. निकोला जोली यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे बायोडायनॅमिक शेती सुरू केली आणि नंतर जगभर तिचा प्रचार केला. शेनँ ब्लाँ या एकाच जातीची ही पांढरी वाईन प्यायच्या एक दिवस आधी उघडून ठेवावी, असे ते सांगतात. मी तसे केले नाही. उघडल्याबरोबर एक घोट घेतला आणि बंद पेटीसमोर उभे राहावे तसे वाटले. आंबटपणा, थोडी कडवट झाक आणि बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच बाटलीतून मध, भाजलेले सफरचंद, मेण आणि ओल्या दगडाचा वास असा काही उलगडला की वाईन संपल्यावरही मी रिकाम्या प्याल्याचा वास घेत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती आणखी बरी होती. एरवी उघडलेली पांढरी वाईन दुसऱ्याच दिवशी मरगळते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. जोली यांचा सल्ला मनावर घ्यावा.

आता तळघराकडे. नैसर्गिक वाईन हा शब्द आज सर्वांत जास्त कानावर पडतो आणि त्याविषयीच सर्वांत जास्त गोंधळ आहे. ब्योजोले भागातले ज्यूल शोवे हे वाईनचे व्यापारी होते आणि रसायनाचे जाणकारही. बाहेरचे यीस्ट न घालता, गंधक न वापरता स्वच्छ वाईन कशी करता येईल यावर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांच्याकडून मॉर्गाँ गावच्या मार्सेल लापियेर यांनी धडा घेतला आणि पुढे नैसर्गिक वाईनची चळवळ त्या परिसरातून पसरली. बराच काळ या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नव्हती. फ्रान्समध्ये २०२० मध्ये ‘व्हँ मेतोद नात्यूर’ (नैसर्गिक पद्धतीची वाईन) हे चिन्ह मान्य झाले; त्यासाठी द्राक्षे प्रमाणित सेंद्रिय हवीत, हाताने तोडलेली हवीत, द्राक्षाच्या सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टनेच रस आंबवायला हवा, वरून काही घालता कामा नये आणि सल्फाइट घातलेच तर एकूण मात्रा लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. हे चिन्ह असलेली बाटली मिळाली तर नवख्या ग्राहकाने तिलाच प्राधान्य द्यावे, कारण चिन्हाशिवायचा ‘नैसर्गिक’ हा शब्द कुणीही छापू शकतो.

लापियेर यांच्या घराण्याची मॉर्गाँ मी वर्षभरात दोनदा घेतली. गामे जातीची ही लाल वाईन थोडी गार करून प्यायला घेतली की तिचे खरे रूप दिसते. रंग पारदर्शक लाल, प्याल्याच्या पलीकडचे बोट दिसावे इतका. वास ताज्या लाल बेरींचा आणि जरासा पाकळ्यांचा. जिभेवर ती इतकी हलकी उतरते की पहिल्या घोटात काही हाती लागत नाही, आणि मग गिळल्यानंतर खूप वेळाने तोंड रसरशीत राहिल्याचे जाणवते. काहीही न घालता केलेल्या वाईनचे आकर्षण नेमके कशात आहे, हे मला या बाटलीने समजावले.

याच गटात माझी सर्वांत मोठी निराशाही झाली. नाव सांगत नाही, कारण तो दोष एका बाटलीचाही असू शकतो. गढूळ, नारिंगी रंगाची, सालीसकट आंबवलेली पांढरी वाईन होती. वास छान होता, संत्र्याच्या सालीचा आणि चहाचा. घोट घेतला, तोही ठीक लागला. गिळल्यानंतर दहा सेकंदांनी घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास वर आला आणि पाणी प्यायल्यावरही जाईना. या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो प्याल्यातून हुंगताना कळत नाही. वाईन आम्ल असते आणि त्या आम्लतेत ही द्रव्ये दबून राहतात. लाळेत मिसळून आम्लता उतरली की ती मोकळी होतात आणि आतून नाकाशी पोहोचतात. गंधक पूर्ण टाळले आणि तळघरातली स्वच्छता किंवा तापमान जरा ढळले, की हा धोका वाढतो. काही चाहते हा वास म्हणजे नैसर्गिकपणाचा पुरावा मानतात. मला ते पटत नाही. वर्षभर मेहनत करून पिकवलेली द्राक्षे शेवटच्या टप्प्यावर बिघडली, तर त्यात मळ्याचाही अपमान आहे. दहा-वीस मिलिग्रॅम गंधकाने ती वाईन वाचली असती आणि पर्यावरणाचे त्यात काही बिघडले नसते.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. नैसर्गिक वाईनची व्याख्या मुख्यतः तळघरात काय घातले आणि काय घातले नाही याविषयी आहे. थंडाव्यासाठी किती वीज लागली, पिंपे धुवायला किती पाणी गेले, बाटली किती जड आहे, यांविषयी ती काही सांगत नाही. ज्याला पृथ्वीवरचा भार कमी करायचा आहे आणि ज्याला बाहेरचे काही न मिसळलेली वाईन हवी आहे, ते दोघे बऱ्याचदा एकाच बाटलीपाशी येतात. पण नेहमी नाही.

‘शाश्वत’ असे लिहिलेल्या बाटल्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा शब्द सर्वांत सैल आहे. काही प्रमाणपत्रे पाणी, वीज, कामगारांचे वेतन, कचरा अशा सगळ्याची नोंद मागतात आणि तिथे ती सेंद्रिय चिन्हापेक्षा व्यापक ठरतात. न्यूझीलंडमध्ये १९९५ पासून असा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि तिथल्या बहुतेक साऱ्या द्राक्षबागा त्यात आहेत. फ्रान्सच्या ‘एचव्हीई’ (उच्च पर्यावरणीय मूल्य) या चिन्हात मात्र कृत्रिम औषधांवर सरसकट बंदी नाही, हे वाचकाने जाणून असावे. शब्दापेक्षा कामाची पद्धत सांगणारे लेबल मला अधिक विश्वासाचे वाटते. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशजवळ व्हरखेनूख्ट लो या वाईनरीत गोगलगायी आणि किडे वेचायला इंडियन रनर जातीची हजारभर बदके रोज मळ्यात सोडतात. उंच मानेची ती बदके रांगेने वेलींमध्ये शिरतात, खालची पाने हलवून हलवून गोगलगायी टिपतात आणि जाताना खत टाकून जातात. औषधाचा एक डबा कमी झाला, हे समजायला इथे प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

वर्षभरात मला सर्वांत जास्त उत्सुकता वाटली ती मात्र या कुठल्याच गटात न बसणाऱ्या वाईनची. फवारणी कमी करायची तर रोगाला न बळी पडणारी वेलच लावावी, हा साधा विचार घेऊन जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटली इथल्या संशोधकांनी युरोपीय द्राक्ष आणि अमेरिकी व आशियाई रानवेली यांचे पिढ्यान्पिढ्या संकर केले. या जातींना मिळून ‘पिवी’ म्हणतात. रेजेंट १९६७ ची, सोलारिस १९७५ ची आणि सुव्हिन्ये ग्री १९८३ ची. नंतरच्या दोन्ही फ्रायबुर्गच्या संस्थेत जन्मल्या. ओल्या हवेत नेहमीच्या जातीला जिथे दहा-बारा फवारण्या लागतात, तिथे यांचे दोन-तीन फवारण्यांत भागते. तांब्याचा प्रश्न, डिझेलचा प्रश्न आणि दबलेल्या मातीचा प्रश्न, तिन्ही एकाच जागी सुटतात. अडचण होती ती नावाची आणि कायद्याची. शार्दने किंवा पिनो न्वार ऐकल्यावर ग्राहकाचा हात पुढे होतो, सुव्हिन्ये ग्री ऐकल्यावर होत नाही. आणि संकरित द्राक्षांना युरोपातल्या मानाच्या भौगोलिक नामाभिधानांचे दार बंद होते. ते दार युरोपीय संघाने २०२१ मध्ये उघडले आणि शँपेनसारख्या परंपराप्रिय प्रदेशानेही व्होल्तिस या नव्या जातीला मर्यादित क्षेत्रावर प्रयोगासाठी जागा दिली.

बाटलीविषयी सुरुवातीलाच बोललो आहे, पण तिचे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे आहे. काच वितळवायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअसची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. म्हणूनच वाईनच्या कार्बन-हिशोबात काचेची बाटली आणि तिची वाहतूक यांचा वाटा बऱ्याचदा सर्वांत मोठा निघतो, मळ्यापेक्षाही मोठा. जाड बूड आणि जड काच म्हणजे उंची वाईन हा समज विक्रेत्यांनी रुजवला. वाईनच्या चवीशी त्याचा संबंध नाही. फेसाळ वाईनचे वेगळे आहे, कारण आतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पट असतो आणि बाटली दणकट लागते. तरीही शँपेनने २०१० मध्ये आपली ९०० ग्रॅमची बाटली ८३५ ग्रॅमवर आणली. साध्या वाईनच्या बाटल्यांसाठी काही मोठ्या विक्रेत्यांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून २०२६ अखेरपर्यंत ४२० ग्रॅमवर आणण्याचा करार केला आहे. माझ्या वहीतल्या बाटल्यांपैकी निम्म्यांहून थोड्या कमी या आकड्याच्या आत होत्या, आणि त्यांतली एकही वाटेत फुटली नाही.

रोजच्या पिण्यासाठी खोक्यातली वाईन घ्यायला संकोच करू नये. ऑस्ट्रेलियातले वाईन उत्पादक थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. खोक्याच्या आत मऊ पिशवी असते, वाईन ओतली की ती आकसते, हवा आत शिरत नाही आणि उघडल्यावरही महिनाभर चव टिकते. मी घेतलेली सेंद्रिय लाल वाईन २६ व्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच लागली. बाटलीतली उरलेली वाईन मोरीत ओतावी लागते, तो अपव्ययही यात टळतो. मात्र पिशवीतून थोडी थोडी हवा झिरपतेच, त्यामुळे खोका भरल्याची तारीख पाहून घ्यावा आणि वर्षाच्या आत संपवावा. मुरवण्यासाठी तो नव्हे.

बुचाच्या बाबतीत मात्र मी जुन्या पद्धतीच्या बाजूचा आहे. नैसर्गिक बूच हे कॉर्क-ओकच्या सालीपासून होते, आणि साल काढताना झाड तोडत नाहीत. झाड पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल उतरवतात, मग दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या वेळेपासून. जगातले जवळजवळ निम्मे बूच पोर्तुगालमधून येते. बुचाला मागणी आहे तोवर ती रानेही राखली जातात आणि त्यांतले पक्षी-प्राणीही. स्क्रू कॅपची सोय मान्य आहे, बूच लागून वाईन बिघडण्याचा दोष तिच्यात जवळजवळ नसतो हेही मान्य. पण दोन बाटल्या बाकी सारख्या असतील तर मी बुचाची घेईन.

प्रत्यक्ष पिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. न गाळलेल्या वाईनच्या तळाशी गाळ असतो, म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी आणि शेवटची दोन बोटे वाईन तळातच राहू द्यावी. कमी गंधकाची वाईन उष्णता सोसत नाही; खिडकीजवळ किंवा शेगडीजवळ दोन आठवडे ठेवली तरी ती ढासळते. उघडताच विझलेल्या आगकाडीसारखा वास आला तर घाबरू नये, प्याल्यात जोरात घोळवली की तो दहा मिनिटांत उडतो. युरोपात डिसेंबर २०२३ पासून वाईनचे घटक जाहीर करणे बंधनकारक झाले आहे. बहुतेक बाटल्यांवर त्यासाठी एक क्यूआर कोड असतो. तो मोबाईलवर उघडून घटकांची यादी वाचण्याची सवय मला या वर्षात लागली. जितकी यादी छोटी, तितके तळघरातल्या माणसाने द्राक्षावर भरवसा ठेवला, असे मी समजतो.

मळा, तळघर आणि बाटली या तिन्ही परीक्षांत उतरलेली माझ्या वहीतली वाईन एकच, आणि ती एका छोट्या उत्पादकाची सेंद्रिय सुव्हिन्ये ग्री. बाटली ३९५ ग्रॅमची, नैसर्गिक बुचाची, आणि मागच्या लेबलवर त्या हंगामातल्या फवारण्यांचा आकडा छापलेला : तीन. रंगाला किंचित तांबूस झाक, कारण या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची साल गुलाबी असते. वास पिकल्या पेरचा आणि जर्दाळूचा, जिभेवर अंगाने भरलेली, आणि शेवटी मिठासारखी एक टोकदार चव की दुसरा घोट घेतल्याशिवाय राहवत नाही. तिच्या आणखी सहा बाटल्या मागवल्या आहेत. चार या वर्षात उघडीन आणि दोन पाच वर्षे अंधारात आडव्या ठेवीन, कारण ही जात किती मुरते हे मला स्वतः पाहायचे आहे.